वेळासची कासवे आणि आपला वर्ग

'वन्य प्राण्यांचे रक्षण करा' हे वाक्य शाळेच्या भिंतीवर असते, पुस्तकात असते आणि परीक्षेत निबंधालाही येते. मुले ते पाठ करतात. पण रक्षण करायचे म्हणजे सकाळी उठून नेमके काय करायचे, हे त्यांना कोणी सांगत नाही. या प्रश्नाचे एक उत्तर कोकणातल्या एका गावाने कृतीतून दिले आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड तालुक्यातले वेळास हे ते गाव. तिथे काय घडले आणि त्यातले आपल्या वर्गात काय आणता येईल, ते पाहू.

अंडी काढणारे, अंडी राखणारे

२००२ साली चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' या संस्थेचे कार्यकर्ते किनाऱ्यावर समुद्रगरुडांची पाहणी करत होते. वेळासच्या पुळणीवर त्यांना कासवाच्या अंड्यांची टरफले दिसली. ऑलिव्ह रिडले जातीच्या समुद्री कासवांच्या माद्या हिवाळ्यात रात्रीच्या वेळी इथे येतात, भरतीच्या रेषेच्या वर वाळूत खड्डा करतात, त्यात शंभर-सव्वाशे अंडी घालतात आणि वाळू लोटून समुद्रात परत जातात. घरट्याकडे त्या पुन्हा फिरकत नाहीत. मागे राहिलेली अंडी कुत्री आणि कोल्हे उकरून काढत, माणसेही ती खात किंवा विकत.

वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात या कासवाला स्थान आहे. म्हणजे अंडी काढणे हा गुन्हाच. परंतु प्रत्येक पुळणीवर रात्रभर पहारा ठेवणे कोणत्याही खात्याला शक्य नाही. संस्थेने वन विभाग व ग्रामपंचायत यांच्या मदतीने गावातल्याच लोकांना या कामात घेतले. कासवाचा माग कसा ओळखायचा, घरटे कुठे असेल, हे अंडी शोधणाऱ्यांना आधीपासून ठाऊक होते. तेच ज्ञान आता राखणीच्या कामी आले. पुढे, २००६ च्या सुमारास, पिल्ले पाहण्यासाठी कासव महोत्सव सुरू झाला. पाहुणे गावातल्या घरांत उतरू लागले, तिथेच जेवू लागले. कासव जगण्यात घराघराचा वाटा निर्माण झाला.

प्रत्येक नियमामागे एक 'का?'

सापडलेल्या घरट्यातली अंडी किनाऱ्यावरच जाळीचे कुंपण घातलेल्या जागेत हलवली जातात. या कामाचे काही नियम आहेत आणि प्रत्येक नियमाखाली जीवशास्त्राचा एक धडा दडलेला आहे.

पहिला नियम : अंडी घातल्यापासून काही तासांतच हलवायची, तीही न फिरवता. का? कासवाचा गर्भ लवकरच अंड्याच्या वरच्या बाजूला कवचाच्या आतल्या पापुद्र्याला चिकटतो. त्यानंतर अंडे उलटेपालटे झाले, तर गर्भ मरण्याचा धोका असतो. कोंबडी आपली अंडी वारंवार फिरवते. कासवाच्या अंड्याला ते चालत नाही.

दुसरा नियम : नवा खड्डा मूळ घरट्याएवढाच खोल, म्हणजे साधारण दीड फूट, आणि मडक्यासारखा तळाशी रुंद करायचा. का? दुपारी वरची वाळू पायाला चटके देते आणि पहाटे गार पडते. खाली मात्र हा चढउतार फारसा पोचत नाही. तिथे ऊबही टिकते आणि ओलही. या उबेवर ४५ ते ६० दिवसांत पिल्ले बाहेर येतात.

तिसरा नियम : वाळूच्या तापमानाकडे लक्ष ठेवायचे. का? माणसात मूल मुलगा की मुलगी हे गुणसूत्रांवर ठरते. समुद्री कासवांत ते वाळूच्या तापमानावर ठरते. सुमारे २९ ते ३० अंश सेल्सियसच्या आसपास नर व माद्या जवळपास सारख्या प्रमाणात होतात. वाळू याहून गरम असेल तर माद्या वाढतात, गार असेल तर नर. म्हणून कुंपणातली जागा फार तापली, तर सगळी अंडी उबूनही पुढच्या पिढीचा तोल बिघडू शकतो. अशा वेळी सावली करावी लागते. हवामान तापत असताना हा प्रश्न आणखी महत्त्वाचा झाला आहे.

चौथा नियम : पिल्लांना उचलून पाण्यात टाकायचे नाही. सकाळी किंवा संध्याकाळी वाळूवर ठेवून त्यांना आपापले चालू द्यायचे. मोठी झालेली मादी बहुधा जन्मकिनाऱ्याच्या परिसरात परत येते. त्या किनाऱ्याची खूण पिल्लांच्या मनावर सुरुवातीलाच ठसत असावी, असे शास्त्रज्ञ मानतात. पिल्ले उजळ क्षितिजाच्या दिशेने चालतात, म्हणून बघणाऱ्यांनी दिवे लावू नयेत. हात तर लावूच नये. हजारात एखादेच पिल्लू मोठे होते, असा अंदाज आहे.

नोंदवहीचे मोल

घरटे कोणत्या दिवशी मिळाले, अंडी किती, पिल्ले किती निघाली, हे कासवमित्र वहीत लिहितात. समजा, ११२ अंड्यांतून ८४ पिल्ले निघाली, तर प्रमाण ७५ टक्के. अशा साध्या आकड्यांतूनच कोणते वर्ष बरे गेले, कोणते वाईट, हे कळते.

पाहणारा माणूस किनाऱ्यावर असला की काय हाती लागते, याचे एक उदाहरण पाहा. २०२१ साली ओडिशाच्या गहिरमाथा किनाऱ्यावर एका मादीच्या वल्ह्यासारख्या पायाला ०३२३३ क्रमांकाची धातूची पट्टी लावली होती. जानेवारी २०२५ मध्ये ती मादी थेट गुहागरला अंडी घालताना आढळली. पूर्व किनाऱ्यावरची कासवे आणि पश्चिम किनाऱ्यावरची कासवे अगदी वेगळी, ही समजूत त्या एका पट्टीने हलवली. गुहागरच्या पुळणीवर त्या रात्री कोणीच नसते, तर हे कळलेच नसते.

आपल्या गावी समुद्र नसेल तर?

शिक्षकमित्रहो, आपल्यापैकी बहुतेकांच्या शाळा किनाऱ्यापासून दूर आहेत. तरी पुढील प्रयोग कुठेही करता येईल. शाळेच्या आवारात उन्हात एक आणि झाडाखाली एक असे दीड फूट खोल खड्डे घ्या. तळाशी तापमापी ठेवून खड्डे मातीने किंवा वाळूने भरा. तापमापीला दोरी बांधा, म्हणजे ती अलगद वर काढता येईल, आणि वर काढताच वाचन घ्या. दुसरी तापमापी जमिनीवर ठेवा. सकाळी आठ, दुपारी दोन आणि संध्याकाळी पाच वाजता आठवडाभर नोंदी घेऊन आलेख काढा. कासव दीड फूट का खणते, हे मुले आलेखावरून स्वतःच सांगतील.

मग आपल्या गावचा एक प्राणी निवडा. तळ्यावरचा पाणकोंबडा असेल, शाळेच्या वळचणीतली चिमणी असेल किंवा पावसाळ्यातला बेडूक. घरट्याला वा अंड्यांना हात न लावता, एकाच ठिकाणाहून वर्षभर त्याच्या नोंदी ठेवा. गावातल्या जुन्या माणसांना विचारा : पूर्वी तो कुठे दिसे, आता का दिसत नाही? त्यांच्याकडे पुष्कळ माहिती असते, ती फक्त कोणी विचारलेली नसते. किनाऱ्यावरच्या शाळांनी मात्र घरटे दिसल्यास ते स्वतः उकरू नये, वन विभागाला किंवा गावच्या कासवमित्राला कळवावे.

वर्षअखेरीस ती वही पुढच्या वर्गाच्या हाती द्या. दोन-तीन वर्षांच्या नोंदी जमल्या की मुलांना तुलना करता येईल, आणि आपल्या गावात काय वाढते आहे, काय कमी होते आहे, हे ती ग्रामसभेपुढे आकड्यांनिशी मांडू शकतील.