चुन्याच्या डबीतली गोम

मंडळी, माळेगावच्या यात्रेत जनावरांचा सौदा तुम्ही पाहिलाच असेल. रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरतो, आणि सौदा जमला की पहिली चंची सुटते. आपल्या लोहा तालुक्यात काय किंवा कुठे काय, तंबाखूला नाही म्हणणे म्हणजे माणुसकी मोडल्यासारखे वाटते. म्हणून घरची मालकीण "अहो, सोडा की आता," म्हणून थकते आणि कारभारी "सोमवारपासून" म्हणून वेळ मारून नेतो.

तो खोटे बोलत नसतो. त्याला खरेच सुटत नाही. का सुटत नाही, ते समजून घ्या.

तंबाखूच्या पानात निकोटिन नावाचे द्रव्य असते. नुसते पान तोंडात धरले तर ते सावकाश उतरते. चुना लावून मळले की तेच द्रव्य मोकळे होते आणि गालाच्या आतल्या नाजूक कातडीतून झटकन रक्तात शिरते. मेंदूला तरतरी येते. पण दोनेक तासांत रक्तातले निम्मे निकोटिन ओसरते. मग जांभया, चिडचिड, कामात लक्ष नाही. पुन्हा बार भरला की बरे वाटते. सावकाराकडून उचल घेऊन त्याच सावकाराचे व्याज फेडावे, तसा हा व्यवहार! यात मनाचा कमकुवतपणा थोडा, आजार जास्त. डॉक्टर आता याला आजारच म्हणतात, आणि आजार म्हटला की इलाज आला.

या कामात आपल्याच राज्यातल्या खेड्यांचाही वाटा आहे, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या डॉ. फली मेहता यांच्या पथकाने पुणे जिल्ह्यातल्या १,०१,७६१ गावकऱ्यांची तोंडे तपासली. तो अहवाल १९७२ साली निघाला. पुढे याच संशोधकांनी केरळ, आंध्र आणि गुजरातेतल्या खेड्यांत ३६,००० तंबाखू खाणाऱ्या-ओढणाऱ्यांना घरोघर गाठून समजावले. काहींनी सोडली, काहींनी कमी केली, आणि तोंडात पांढरे चट्टे उठण्याचे प्रमाण घटले. औषध नव्हते, कोणीतरी बसून बोलले होते.

आता औषधही आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ साली सांगितले की चघळणाऱ्यांनाही समुपदेशनाबरोबर निकोटिनची गोळी-गम किंवा व्हॅरेनिक्लिन द्यावे. व्हॅरेनिक्लिन डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावे. गम मात्र सारखा चावायचा नाही. थोडा चावून गालात दाबून ठेवायचा. ही कला आपल्या लोकांना शिकवावी लागणार नाही!

पहिले दोन-तीन दिवस सर्वांत कठीण. तलफ काही मिनिटांत ओसरते. तेवढा वेळ पाणी प्या, बडीशेप चघळा, हाताला काम द्या. ऐन पेरणीच्या धांदलीत सुरुवात करू नका. चुन्याची डबी आधी घराबाहेर काढा. १८००-११-२३५६ या नंबरावर फोन फुकट लागतो, मराठीत सल्ला मिळतो.

आणि बायांनो, मशेरी हीसुद्धा तंबाखूच. मुंबईतल्या १,२१७ गरोदर बायांच्या पाहणीत, अशी तंबाखू वापरणाऱ्यांची बाळे सरासरी १०५ ग्रॅमने हलकी निघाली. ही पाहणी २००४ साली छापली गेली.

तोंडात न पुसला जाणारा पांढरा-लाल चट्टा, तीन आठवडे न भरलेली जखम, किंवा तोंड पूर्वीइतके न उघडणे, यांपैकी काही असेल तर दुखत नाही म्हणून थांबू नका. सरकारी दवाखान्यात दाखवा, आणि येताना घरातल्या दुसऱ्या खाणाऱ्यालाही सोबत घ्या.