खुबानीचे मिष्टान्न : वाळविलेल्या फळाचे उन्हाळी पक्वान्न

हैदराबाद शहरात लग्नाच्या जेवणाचा शेवट बहुधा खुबानीच्या गोड पदार्थाने होतो. मऊ शिजलेला गडद तपकिरी गर, त्यावर सायीचा पांढरा थर आणि सोललेल्या बदामांचे काप असे त्याचे रूप असते. तेथील दखनी बोलीत त्यास ‘खुबानी का मीठा’ म्हणतात. मे महिन्यात पारा चाळीस अंशांच्या आसपास असताना तो थंड करून वाढण्यात येतो. काचीगुडा, सुलतान बाजार या भागांत पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या मराठी कुटुंबांनाही तो परिचित आहे.

विशेष हे, की ज्या फळापासून हा पदार्थ होतो ते हैदराबादच्या परिसरात पिकतच नाही. शेकडो कोस दूर पिकणारे फळ एका शहराची ओळख बनले, ते केवळ वाळवून टिकविता आले म्हणून. उलट आपल्या गावांत उन्हाळ्यात पिकणारी फळे आठ-दहा दिवसांत झाडाखालीच कुजून जातात. खुबानीच्या मिष्टान्नाची माहिती घेताना हा फरक ध्यानात ठेवणे उपयुक्त ठरेल. त्याबरोबरच हेही जाणून घ्यावयास हवे, की हाच पदार्थ निष्काळजीपणे केल्यास प्रकृतीस अपाय करू शकतो.

फळ आणि त्याचा प्रवास

मराठीत ज्यास जर्दाळू म्हणतात तेच फळ हैदराबादेत खुबानी या नावाने ओळखले जाते. जर्दाळू हा शब्द फारसी असून ‘पिवळे आलुबुखार’ असा त्याचा अर्थ होतो. हे आठळीचे फळ होय. म्हणजे बाहेर गर, मध्ये कठीण कवच आणि कवचात बदामासारखे बी अशी त्याची रचना असते. या झाडास हिवाळ्यात दीर्घकाळ कडक थंडी लागते. ती न मिळाल्यास झाडास मोहोर धरत नाही. म्हणून दख्खनच्या पठारावर त्याची लागवड होत नाही. भारतात लडाख, काश्मीर, हिमाचल प्रदेश व उत्तराखंड येथील डोंगराळ भागांत हे फळ होते. लडाखमध्ये ते जुलै-ऑगस्टमध्ये पिकते आणि घरांच्या धाब्यांवर किंवा खडकांवर पसरून वाळविले जाते. जगात वाळविलेल्या जर्दाळूंचे सर्वांत मोठे केंद्र तुर्कस्तानातील मलात्या हे आहे.

हैदराबाद शहराची स्थापना १५९१ मध्ये मुहम्मद कुली कुत्बशहाने केली. कुत्बशाही आणि १७२४ पासूनची आसफजाही या दोन्ही राजवटींचा इराणी संस्कृतीशी निकटचा संबंध होता. त्यामुळे सुका मेवा घालून केलेली पक्वान्ने येथील स्वयंपाकात रूढ झाली. आजही बेगम बाजारच्या घाऊक पेठेत आठळीसह वाळविलेली खुबानी पोत्यांनी विकली जाते. मराठवाड्याचे पाच जिल्हे १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याचा भाग होते. त्यामुळे या शहराच्या खाद्यपद्धतीशी मराठवाड्याची ओळख जुनी आहे.

वाळविल्याने काय होते

ताज्या जर्दाळूच्या गरात सुमारे ८५ टक्के पाणी असते. जीवाणू व बुरशी यांना वाढीसाठी पाणी लागते. ते काढून घेतले की त्यांची वाढ थांबते. फळातील साखरही दाट होते व उरलेले पाणी धरून ठेवते. शाळेतील मुलांना हा हिशेब सहज करून दाखविता येईल. सहा किलो ताज्या गरात घन पदार्थ ९०० ग्रॅम भरतात. वाळल्यानंतर गरात २० टक्के पाणी उरले, तर त्याचे वजन सुमारे ११२५ ग्रॅम होईल. म्हणजे सहा किलोंचे ओझे एक किलोच्या आसपास आले आणि आठवडाभरात नासणारे फळ अनेक महिने टिकणारे झाले. दूरच्या व्यापारास खुबानी योग्य ठरली, ती याच कारणाने.

वाळविलेल्या खुबानीत तंतुमय पदार्थ, पोटॅशियम, थोडे लोह आणि शरीरात ‘अ’ जीवनसत्त्वात रूपांतर होणारे कॅरोटीन असते. ‘क’ जीवनसत्त्वाचा मात्र वाळविताना बराच नाश होतो. तथापि पोषणासाठी महाग खुबानीच घ्यावी असे नाही. कॅरोटीन शेवग्याच्या पाल्यात, पिकलेल्या आंब्यात व पपईत विपुल असते. खुबानीच्या वाळलेल्या गरात सुमारे निम्मा भाग साखरच असल्याने मधुमेह असणाऱ्यांनी हा पदार्थ बेताने खावा.

बाजारात दोन रंगांची खुबानी आढळते. चकचकीत केशरी रंगाच्या फळांना गंधकाची धुरी दिलेली असते. तपकिरी फळे बहुधा धुरीशिवाय वाळविलेली असतात. गंधकाच्या अंशामुळे दम्याच्या काही रुग्णांना त्रास होतो. अशा घरी तपकिरी फळे वापरणे इष्ट. केवळ रंग पाहून फळ चांगले ठरवू नये.

साहित्य व कृती

आठ ते दहा माणसांसाठी पुढील साहित्य पुरेसे होते : आठळीसह वाळविलेली खुबानी ५०० ग्रॅम, साखर २०० ग्रॅम, पाणी पाऊण लिटर, अर्ध्या लिंबाचा रस, सोललेले बदाम १५ ते २० आणि वर घालण्यासाठी दाट साय.

खुबानी दोन-तीन वेळा स्वच्छ धुवावी, कारण उघड्यावर वाळविलेल्या फळांस धूळ व बारीक खडे चिकटलेले असतात. नंतर ती पाण्यात सहा ते आठ तास भिजत ठेवावी. उन्हाळ्यात हे भांडे झाकून थंड जागी किंवा शीतकपाटात ठेवावे. अन्यथा पाणी आंबते. फळे फुगली की हाताने दाबून आठळ्या काढून टाकाव्यात. भिजविलेले पाणी फेकू नये. फळाची गोडी व रंग त्यातच उतरलेला असतो. ते गाळून त्यातच गर मंद आचेवर शिजवावा.

साखर आरंभी घालू नये. दाट पाकात फळातील पाणी बाहेर ओढले जाते आणि गर चामट राहतो. गर बोटांनी सहज दबू लागल्यावर साखर घालावी व आणखी पंधरा-वीस मिनिटे ढवळत शिजवावे. काही फळे अखंड व काही घोटलेली राहिली म्हणजे पदार्थास योग्य दाटपणा येतो. शेवटी लिंबाचा रस घालून भांडे उतरवावे. फळात मुळातच आंबटपणा असल्याने गरम गरात दूध किंवा साय घातल्यास ती फाटते. म्हणून साय नेहमी पूर्ण थंड झालेल्या गरावर, वाढण्याच्या वेळी घालावी.

बियांविषयी सावधगिरी

आठळ्या फोडून आतील बिया मिष्टान्नावर पेरण्याची चाल हैदराबादेत जुनी आहे. या बाबतीत मात्र विशेष दक्षता हवी. जर्दाळूच्या काही झाडांच्या बिया गोड, तर काहींच्या कडू असतात. लडाखमध्ये तर फळांची वर्गवारीच बियांच्या गोड-कडूपणावरून केली जाते. कडू बियांत अमिग्डालिन नावाचे द्रव्य असते. बी चावल्यानंतर त्यापासून शरीरात सायनाइड हे विष तयार होते. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१६ मध्ये दिलेल्या इशाऱ्यानुसार, प्रौढ व्यक्तीने एका वेळी तीनपेक्षा अधिक लहान कच्च्या बिया खाल्ल्यास सुरक्षित मर्यादा ओलांडली जाऊ शकते. अगदी लहान मुलांच्या बाबतीत एक लहान बीदेखील अधिक ठरू शकते.

पोत्यातील खुबानी एकाच झाडाची नसते. एक बी गोड निघाली म्हणून बाकीच्याही गोड असतील असे समजता येत नाही. म्हणून घरी किंवा पंगतीसाठी पदार्थ करताना बियांऐवजी बदामच वापरावेत. फोडलेल्या आठळ्या मुलांच्या हाती लागू देऊ नयेत. बिया खाल्ल्यानंतर मळमळ, डोकेदुखी, चक्कर अथवा धाप लागल्यास घरगुती उपचारात वेळ न दवडता रुग्णास ताबडतोब दवाखान्यात न्यावे.

उन्हाळ्यातील साठवण

पदार्थ गोड आहे म्हणून तो टिकेल, हा समज चुकीचा आहे. मुरंब्यासारखा पदार्थ टिकण्यासाठी त्यात साखरेचे प्रमाण ६५ टक्क्यांच्या वर असावे लागते. वर दिलेल्या कृतीत ते ४० टक्क्यांच्या आसपासच असते. त्यामुळे शिजविलेला गर थंड होताच शीतकपाटात ठेवावा व चार-पाच दिवसांत संपवावा. साय घातलेला पदार्थ त्याच दिवशी खाऊन टाकावा.

लग्नसराईत धोका अधिक असतो. सकाळी साय घालून सजविलेली भांडी दुपारपर्यंत मांडवात उघडी राहिल्यास त्यांत जंतूंची झपाट्याने वाढ होते आणि वास वा चव न बदलताही खाणाऱ्यास बाधा होऊ शकते. गर व साय वेगवेगळे, बर्फात ठेवलेल्या झाकणाच्या भांड्यांत असावे आणि पंगत बसल्यावरच एकत्र करावे. चाळीस अंशांच्या उष्म्यात साय घातलेला पदार्थ एका तासापेक्षा अधिक काळ बाहेर राहिल्यास तो वाढू नये. चार ताटे वाया गेलेली पत्करतात. गाव आजारी पडलेले परवडत नाही.

भाजून करावयाचा प्रकार

याच गराचा आणखी एक उपयोग आहे. अमेरिकेत उन्हाळी फळांवर मळलेल्या पिठाचे गोळे किंवा जाड थर देऊन ते भट्टीत भाजतात. त्यास कॉबलर म्हणतात. तेथे बेरीवर्गीय फळेही वापरतात. आपल्याकडे खुबानीचा शिजविलेला गर, महाबळेश्वरकडील स्ट्रॉबेरी किंवा तुती यांचा उपयोग करता येईल. ताजी फळे घेतल्यास त्यांत चवीप्रमाणे साखर मिसळावी.

एक वाटी मैदा, एक लहान चमचा बेकिंग पावडर, दोन मोठे चमचे साखर व चिमूटभर मीठ एकत्र करावे. त्यात पाव वाटी थंड लोणी चोळून साधारण अर्धी वाटी दुधाने सैलसर पीठ भिजवावे. जाड बुडाच्या भांड्यात दोन-अडीच वाट्या फळे पसरून त्यावर हे पीठ चमच्याने घालावे. विजेच्या भट्टीत १८० अंश सेल्सियसवर ३० ते ३५ मिनिटे भाजावे. भट्टी नसल्यास दख्खनच्या स्वयंपाकातील ‘दम’ देण्याची रीत उपयोगी पडते. भांडे मंद निखाऱ्यांवर ठेवून घट्ट झाकणावरही निखारे ठेवावेत. वरून आच मिळाल्याने पीठ फुगते व त्यास तांबूस रंग येतो. मात्र निखाऱ्यांचे काम हवेशीर जागी, शक्यतो अंगणातच करावे.

आपल्या गावी काय करता येईल

खुबानी मराठवाड्यात पिकणार नाही. परंतु ती टिकविण्याची रीत येथे नवीन नाही. कैरीचा आमचूर, आंब्याची पोळी, वाळविलेली बोरे, सांगली-तासगावकडील बेदाणे ही त्याच विद्येची उदाहरणे होत. उणीव आहे ती स्वच्छतेची व पद्धतशीरपणाची. फळे निवडून, धुऊन व सारख्या आकारात कापून जमिनीपासून उंच ठेवलेल्या जाळीच्या चौकटीवर एका थरात पसरावीत. धूळ व माश्या यांपासून संरक्षणासाठी वर पातळ मलमल असावी. रात्री दव पडण्यापूर्वी चौकटी आत घ्याव्यात. काप मोडून दाबल्यावर ओल दिसली नाही म्हणजे ते वाळले असे समजावे.

वाळलेले काप आठवडाभर काचेच्या बरणीत सैल भरून रोज हलवावेत. बरणीच्या कडेला बाष्प दिसल्यास ते पुन्हा उन्हात घालावेत. त्यानंतरच कायमची साठवण करावी. हे काम मृगाच्या पावसापूर्वी पुरे झाले पाहिजे. असे वाळविलेले आंब्याचे काप वा अंजीर भिजवून, वर सांगितलेल्या रीतीनेच त्यांचे मिष्टान्न करता येते. फळाच्या गोडीप्रमाणे साखर तेवढी कमी करावी. महिला बचत गटांना यातून घराजवळच काम मिळू शकते आणि शाळांना विज्ञानाचा एक प्रत्यक्ष पाठ लाभतो.

लडाखमधील शेतकऱ्याने धाब्यावर वाळविलेले फळ हैदराबादेच्या पंगतीत मानाने वाढले जाते. आपल्या बांधावरचा आंबा आणि परसातील अंजीर यांनाही उन्हाळा संपल्यानंतर घरात स्थान मिळावे, यासाठी दोन चौकटी, एक मलमलीचा तुकडा आणि थोडी दक्षता एवढेच भांडवल लागते.