चालतें घर आणि मागची जीप

अमेरिकेंत पुष्कळ कुटुंबें मोटारीवरच रचलेल्या घरांतून प्रवास करितात. त्यास तेथें मोटरहोम म्हणतात. आंत चूल, बिछाने, पाण्याची टांकी, सर्व कांहीं असतें. परंतु मुक्काम पडल्यावर पावशेर साखरेसाठीं हें कित्येक टनांचें घर हलविणें जिवावर येतें! म्हणून बैलगाडीमागें वासरूं बांधावें तशी एक लहान मोटार चारही चाकांवर चालवीत मागें ओढून नेतात. जीप रँग्लर ह्या कामीं विशेष आवडती आहे.

विद्यार्थी म्हणतील, ओढण्यांत शास्त्र तें काय? स्वयंचलित गिअरबॉक्समध्यें तेल खेळविणारा पंप एंजिनाच्या जोरावर चालतो. ओढलेल्या मोटारीचें एंजिन बंद, पण चाकें फिरतच असतात; त्यांच्याबरोबर आंतील चक्रें तेलावांचून फिरत राहिलीं तर तापून निकामी होतात. जीपला मात्र गिअरबॉक्समागें आणखी एक पेटी असते, ट्रान्सफर केस. एंजिनाचा जोर पुढच्या व मागच्या आंसांकडे पोंचविणें हें तिचें काम. ती न्यूट्रलवर नेली कीं दोन्ही आंस गिअरबॉक्सपासून सुटतात. मग गिअरबॉक्स पार्कवर ठेवावा. हातानें बदलण्याचा असल्यास गिअरमध्यें. ज्या मोटारींत ही न्यूट्रलची सोय नाहीं, त्या चारही चाकांस जोर देणाऱ्या असल्या तरी बहुधा अशा ओढतां येत नाहींत.

आतां थोडें गणित. २०१८ सालच्या रँग्लर रुबिकॉनमध्यें ट्रान्सफर केस चुकून 'लो'वर व गिअर पहिल्यावर राहिला, तर चाकाच्या एका फेऱ्यास एंजिनाचे सुमारें ८४ फेरे होतात. चाकाचा परीघ साडेआठ फूट धरा. ताशीं ६० मैल, म्हणजे मिनिटास ५,२८० फूट. चाकाचे फेरे सुमारें ६२०. एंजिनाचे किती? ५२,०००! त्यास ७,००० देखील सोसत नाहींत. तो वेग गांठण्यापूर्वींच यंत्राचे तुकडे होतात. पुढचें वाहन इतकें बलाढ्य कीं चालविणाऱ्यास मागच्या ह्या अनर्थाची वार्ताही नसते.

यास्तव जाणता मनुष्य निघण्यापूर्वीं जीपचें एंजिन चालू करून पुढचा व उलटा गिअर घालून पाहतो. ती तसूभरही हलली नाहीं तरच एंजिन बंद करून, सुकाणूचें कुलूप मोकळें ठेवून निघतो. जोडदांड्याखेरीज सांखळ्या लावतात, आणि दांडा निसटल्यास जीपचा ब्रेक आपोआप लागेल अशी योजनाही करितात.

एक अडचण मात्र उरतेच. ही जोडी मागें घेतां येत नाहीं. जीपचीं पुढचीं चाकें भलतीकडे वळतात. बंद गल्लींत शिरलेल्या गृहस्थास खालीं उतरून, जीप सोडून, दोन्ही वाहनें निरनिराळीं बाहेर काढावीं लागतात.