दगडी भूदृश्याचे पुरातत्त्व (छत्रपती संभाजीनगर परिसर)

दगडी भूदृश्याचे पुरातत्त्व म्हणजे एखाद्या प्रदेशातील स्थानिक दगड, तो जेथून काढला गेला ती जागा, तो घडवणारे हात आणि तो ज्या वास्तूत किंवा वस्तूत वापरला गेला ती वास्तू वा वस्तू यांचा एकत्रित अभ्यास होय. महाराष्ट्रातील छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) आणि त्याच्या भोवतालचा डोंगराळ प्रदेश या अभ्यासासाठी विशेष अनुकूल आहे. येथील लेणी, किल्ले, दरवाजे आणि नहरी एकाच प्रकारच्या खडकाशी निगडित असून अनेक ठिकाणी खाण आणि वास्तू या दोन गोष्टी वेगळ्या करता येत नाहीत.

संकल्पना

पारंपरिक पुरातत्त्वशास्त्र एकेका स्थळाचे उत्खनन करते; भूदृश्य पुरातत्त्व स्थळांमधील जागेचाही विचार करते. शेताचे बांध, वाटा, पाणवठे, खाणी आणि वस्तीच्या जागा हे सर्व त्यात पुरावा मानले जाते. डब्ल्यू. जी. हॉस्किन्स यांच्या १९५५ मधील इंग्लंडच्या भूदृश्याविषयीच्या ग्रंथाने या दृष्टीला चालना दिली. मिक ॲस्टन व ट्रेव्हर राऊली यांच्या १९७४ मधील ग्रंथामुळे 'भूदृश्य पुरातत्त्व' ही संज्ञा रूढ होण्यास मदत झाली. महाराष्ट्राच्या ग्रामीण भाषेत अशा निरीक्षणाची बीजे पूर्वीपासून आहेत. गावठाणाच्या जमिनीला 'पांढरी' आणि पिकाच्या जमिनीला 'काळी' म्हणतात. जुन्या वस्तीच्या राखेमातीने बनलेली पांढरीची टेकाडे पुरातत्त्वज्ञांना प्राचीन वसाहतींचा माग दाखवतात.

भूशास्त्रीय पार्श्वभूमी

हा प्रदेश दख्खनच्या पठारावर असून येथील खडक बेसाल्ट, म्हणजे बोलीभाषेतील काळा दगड किंवा काळा पाषाण आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भेगांमधून लाव्हारस वारंवार बाहेर पडून एकावर एक थर साचले. आज या थरांनी सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर क्षेत्र व्यापले आहे. डोंगरांचा पायऱ्यापायऱ्यांसारखा आकार या थरांमुळेच निर्माण झाला.

सर्व थर सारखे नसतात. काही घट्ट व एकजीव असतात. त्यांत कोरीवकाम टिकते. काही थरांत वायूच्या बुडबुड्यांमुळे पोकळ्या राहिल्या व पुढे त्यांत स्फटिक भरले. दोन प्रवाहांच्या मध्ये अनेकदा लाल मातकट पट्टा आढळतो. तो मऊ असल्याने तेथून झीज लवकर होते. खडक कुजला की मुरूम होतो. कोठे कोरावे, कोठे पाणी मुरेल आणि कोठे छत धोक्याचे ठरेल, हे कारागिरांना या थरांवरूनच ठरवावे लागे.

प्रागैतिहासिक वापर

दगडाचा वापर लेण्यांच्या कितीतरी आधी सुरू झाला. गोदावरीच्या खोऱ्यातील नेवासे परिसरात अश्मयुगीन हत्यारे सापडली आहेत. तेथे डेक्कन कॉलेजचे ह. धी. सांकलिया यांनी १९५४ पासून उत्खनन केले. पुढील काळात ताम्रपाषाणयुगीन लोकांनी बेसाल्टच्या पोकळ्यांत तयार झालेल्या गारेच्या जातीच्या दगडांपासून धारदार पाती काढली. त्याच पठाराने एका काळात हातकुऱ्हाडीसाठी आणि दुसऱ्या काळात पात्यांसाठी दगड पुरवला.

लेणी

वेरूळ येथे सुमारे दोन किलोमीटर लांबीच्या कड्यात बौद्ध (१ ते १२), हिंदू (१३ ते २९) आणि जैन (३० ते ३४) अशी ३४ क्रमांकित लेणी आहेत. त्यांचा काळ सर्वसाधारणपणे सहावे ते दहावे शतक मानला जातो. १९८३ मध्ये युनेस्कोने त्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली.

लेणे क्र. १६, म्हणजे कैलास, राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण (इ.स. ७५६ ते ७७३) याच्याशी जोडले जाते. येथे डोंगरात तीन बाजूंनी खोल चर खणून मधला खडक सुटा केला गेला आणि तो वरून खाली कोरत आणला गेला. बांधलेल्या मंदिरात कळस शेवटी चढतो. येथे तो आधी घडला. त्यामुळे कैलासाचे अंगण ही मंदिराभोवतीची मोकळी जागा असून त्याच वेळी ती एक प्रचंड खाणही आहे. भोवतीच्या उभ्या भिंतींकडे पाहिल्यास किती दगड काढून टाकला गेला याची कल्पना येते.

अजिंठ्याचे अपूर्ण राहिलेले लेणे क्र. २४ कामाच्या पद्धतीचा उत्तम पुरावा आहे. खांब, भिंती आणि न काढलेला खडक तेथे निरनिराळ्या अवस्थांत दिसतात. याउलट कन्नड तालुक्यातील पितळखोरे येथे खडकाची प्रत कमी असल्याने लेण्यांची मोठी पडझड झाली आहे.

देवगिरी

यादव राजा पाचवा भिल्लम याच्या काळात, बाराव्या शतकाच्या अखेरीस, देवगिरी राजधानी म्हणून उदयास आली. किल्ल्याच्या शंकूसारख्या टेकडीचा खालचा उतार तासून उभा कडा केला आहे, पायथ्याशी खडकात खंदक खोदला आहे आणि वर जाणारा 'अंधारी' नावाचा मार्गही कातळातूनच काढला आहे. खणलेला दगड तटाच्या कामी आणणे ही किल्लेबांधणीतील सर्वत्र आढळणारी रीत आहे. म्हणून येथे खंदक आणि तट यांचा विचार एकत्र करावा लागतो.

दगड पुन्हा वापरला जातो, हेही येथे दिसते. इ.स. १३१८ मधील जामी मशिदीत (आजचे भारतमाता मंदिर) पूर्वीच्या मंदिरांचे स्तंभ आहेत. एकाच दगडावर दोन काळांच्या खुणा असणे हा अभ्यासकांसाठी महत्त्वाचा पुरावा असतो.

शहर आणि नहरी

इ.स. १६१० मध्ये मलिक अंबरने वसवलेल्या राजधानीचे नाव 'खडकी' होते. या नावाचे नाते 'खडक' या शब्दाशी लावले जाते. अशा भूमीवरील शहराला पाणी मिळावे म्हणून त्याने नहर-ए-अंबरी ही भूमिगत जलवाहिनी बांधवली. उत्तरेकडील डोंगरपायथ्याचे भूजल उताराच्या आधाराने शहरात आणणे हे तिचे तत्त्व होते. पाणचक्की हे याच जलपरंपरेचे परिचित उदाहरण आहे.

बीबी का मकबरा दगडांचा भूगोलच दाखवतो. खालच्या पट्ट्यात संगमरवर, त्यावर घुमटाच्या पायापर्यंत गिलावा केलेला स्थानिक बेसाल्ट आणि पुन्हा संगमरवरी घुमट अशी त्याची रचना आहे. संगमरवर दुरून आणावा लागला. काळा दगड मात्र जवळच होता.

खुणा कशा ओळखाव्यात

– खडकावर एका रेषेत असलेली चौकोनी खाचांची रांग पाचर मारून दगड फोडल्याचे दर्शवते.
– समांतर तिरपे ओरखडे छिन्नीचे असतात. त्यांच्या दिशेवरून कारागीर कोणत्या बाजूने काम करत होता हे समजू शकते.
– खोलगट कातळात साचलेले पाणी नेहमीच नैसर्गिक नसते. ती जुनी खाण किंवा कोरलेले टाके असू शकते.
– वाटेकडेला पडलेला अर्धवट घडलेला दगड हाही पुरावा असून तो जागेवरून हलवू नये.

जतन आणि लोकशिक्षण

राष्ट्रीय महत्त्वाच्या संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटर क्षेत्र प्रतिबंधित आणि त्यापुढील २०० मीटर नियंत्रित असते. ही तरतूद १९५८ च्या कायद्यात २०१० मध्ये झालेल्या दुरुस्तीने दृढ झाली. मात्र जुनी खाण, नहरीचा दूरचा भाग किंवा छिन्नीच्या खुणा असलेला कातळ अनेकदा या सीमेबाहेर राहतो. शहराच्या विस्तारात नहरीचे काही भाग बुजले वा खचले आहेत, तर खडी आणि बांधकामासाठी डोंगर फोडताना जुन्या खुणाही नाहीशा होऊ शकतात. खुणेची नोंद आधी झालेली नसेल, तर ती नाहीशी झाल्याचेही कोणाला कळत नाही.

यासाठी लोकसहभाग आवश्यक ठरतो. पुंडलिकनगरसारख्या अलीकडच्या वसाहतींत लेणे किंवा दरवाजा नसला, तरी पाया वा विहीर खणताना उघडे पडणारे मुरमाचे व काळ्या दगडाचे थर विद्यार्थ्यांना दाखवता येतात. मोजपट्टीसह छायाचित्र, नेमके ठिकाण आणि तारीख एवढी नोंदही उपयुक्त असते. घरातील जाते, पाटा-वरवंटा आणि उखळ यांपासूनही अभ्यासाला सुरुवात होऊ शकते.

वडार, बेलदार आणि पाथरवट समाजांकडे दगडाची नस ओळखण्याचे पारंपरिक ज्ञान आहे. घण, पहार, सुतकी, छिन्नी यांसारखी अवजारे आणि जात्याला 'टाकी लावणे' यांसारखे शब्दप्रयोग यंत्रांमुळे वापरातून जात आहेत. वृद्ध कारागिरांकडून त्यांची नोंद करणे हे स्मारकाच्या मोजमापाइतकेच निकडीचे आहे, कारण शब्द हरवल्यावर खुणेचा अर्थ लावणेही कठीण होते.

२०२५ मध्ये 'मराठा लष्करी भूदृश्ये' या नावाने बारा किल्ल्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला. त्यामुळे किल्ल्याकडे भोवतालच्या भूभागासह पाहण्याच्या दृष्टीला आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. छत्रपती संभाजीनगर परिसरातील लेणी, किल्ला आणि नहरींनाही हीच दृष्टी लागू पडते.

हे सुद्धा पहा

वेरूळ लेणी, अजिंठा लेणी, पितळखोरे लेणी, देवगिरी किल्ला, पाणचक्की, दख्खनचे पठार