पायानें अधू झालेलें तट्टू कोणाच्या हवालीं करावें?

मुलांच्या हौसेसाठीं तट्टू बाळगणारीं घरें आतां थोडीं उरलीं आहेत. परंतु ती हौस अगदींच मावळलेली नाहीं. आमच्या औशाहून लातूर व अहमदपूरवरून नांदेडच्या वाटेला लागलें, म्हणजे लोहा तालुक्यांतील माळेगांव लागतें. मार्गशीर्ष महिन्याच्या अखेरीस तेथें खंडोबाची यात्रा भरते आणि तिच्यांतील घोड्यांचा बाजार दूरवर प्रसिद्ध आहे. अशा बाजारांतून सात-आठ वर्षांच्या मुलासाठीं एखादें गरीब स्वभावाचें तट्टू घरीं येतें, अंगणांत बांधलें जातें आणि थोड्याच दिवसांत घरांतलेंच एक माणूस होऊन बसतें.

पुढें मूल वाढतें. तट्टू मात्र तेवढेंच राहतें. जनावराच्या पाठीवर त्याच्या वजनाच्या एक पंचमांशाहून अधिक भार घालूं नये, असा सर्वसाधारण ठोकताळा आहे. दोनशें किलोंच्या तट्टाला खोगिरासह चाळीस किलोंचा स्वार झेपतो. मुलगा तेरा-चौदा वर्षांचा झाला, कीं ही मर्यादा ओलांडली जाते. उलट नीट निगा राखलेलें तट्टू पंचवीस-तीस वर्षें जगूं शकतें. म्हणजे मुलाचें बसणें संपलें, तरी तट्टाच्या आयुष्याचीं बरींच वर्षें शिल्लक असतात. धडधाकट तट्टाला दुसरें घर मिळणें अवघड नाहीं. परंतु नेमक्या याच वेळीं तें लंगडूं लागलें आणि पशुवैद्यानें पायाचें दुखणें कायमचें असल्याचें सांगितलें, तर काय करावें, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

तट्टांना लंगडेपणा आणणाऱ्या रोगांपैकीं वारंवार आढळणारा एक म्हणजे खुराच्या आंतील दाह. पशुवैद्य त्यास लॅमिनायटिस म्हणतात. घोड्याचा खूर म्हणजे एक पोकळ जोडा आहे, असें समजा. आंत पायाचें शेवटचें हाड आणि बाहेर नखासारखें कठीण कवच. या दोहोंना जोडणाऱ्या साडेपांचशें ते सहाशें नाजूक उभ्या पट्ट्या प्रत्येक खुरांत असतात. दोन वह्यांचीं पानें एकाआड एक गुंतवावीं, तशा हाडाकडील पट्ट्या कवचाकडील पट्ट्यांत गुंतलेल्या असतात, आणि जनावराचा सारा भार या पकडीवर तोललेला असतो. दाहानें ती पकड सैल झाली, म्हणजे आंतील हाड फिरतें किंवा खालीं सरकतें, आणि मग टाकलेलें प्रत्येक पाऊल वेदनेचें होतें.

हा रोग पुष्कळदां मायेच्या पोटीं जन्मतो, हें लक्षांत घेण्यासारखें आहे. तट्टाची जात कोरड्या माळावर, थोडक्या चाऱ्यावर तग धरणारी. त्याला घरांतील प्रत्येकानें येतां-जातां गूळ, भाकरी, हरभऱ्याची चंदी चारावी, आणि शाळा व अभ्यास यांमुळें मुलाचें बसणें कमी झाल्यानें त्याचें चालणेंही थांबावें. मग तें लठ्ठ होतें, त्याच्या रक्तांतील इन्शुलिन वाढतें, आणि तो बिघाड खुरांत उतरतो. एका रात्रीं दावें सोडून धान्याच्या पोत्यांत तोंड घातल्यानेंही हा रोग उद्भवतो.

तो ओळखावा कसा? एका पुढच्या पायानें लंगडणारा घोडा कठीण जमिनीवर दुडक्या चालीनें चालविला, तर दुखरा पाय टेकतांना मान वर उचलतो. परंतु या रोगांत बहुधा दोन्हीं पुढचे पाय दुखतात. म्हणून मान हलत नाहीं, केवळ पावलें आंखूड पडतात, आणि मालकास वाटतें कीं तट्टू आळशी झालें. तें पुढचे पाय पुढें ताणून, भार मागच्या पायांवर टाकून उभें राहतें, वळतांना कुरकुरतें, खुराला हात लावल्यास ऊब लागते आणि खुरावरील नाडी जोरानें उडते. हीं चिन्हें दिसतांच त्याला चालविण्याचा हट्ट न धरतां पशुवैद्यास बोलवावें. आमच्या जिल्ह्यांत उदगीर येथें 1987 सालापासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. अशा ठिकाणचा सल्ला घेण्यास संकोच करूं नये.

प्रथम खूर बर्फानें थंड ठेवणें, पायाखालीं वाळूची मऊ जागा करणें, चंदी व गूळ बंद करणें, आणि क्ष-किरणांनीं हाडाची जागा पाहून जाणत्या नालबंदाकडून खूर तासून घेणें, असा उपचाराचा सामान्य क्रम असतो. मात्र चंदी बंद करावयाची म्हणून तट्टाला उपाशी ठेवूं नये. त्यापासून निराळाच जीवघेणा विकार होतो. खूर महिन्यास जेमतेम एक सेंटिमीटर वाढतो, म्हणून नवें कवच पूर्ण उतरण्यास नऊ महिने ते वर्ष लागतें. पुष्कळ तट्टें सुखानें हिंडूंफिरूं लागतात. परंतु एकदां झालेला रोग पुन्हां उलटण्याचें भय जन्मभर राहतें.

आतां मुख्य प्रश्नाकडे वळूं. असें तट्टू बाजारांत उभें केलें, तर तें कोणाकडे जाईल? वेदनाशामक औषध देऊन दोन दिवस त्याचा पाय सरळ पडेल असें करतां येतें. मग वरातीसाठीं घोडा हवा असलेला एखादा माणूस विश्वासानें तें घेऊन जाईल, डांबरी रस्त्यावर तासन् तास उभें करील, आणि महिन्याभरांत तें पुन्हां दुसऱ्या बाजारांत उभें राहील. असे तीन-चार हात बदलले, म्हणजे त्याचें दुखणें जाणणारा कोणीच उरत नाहीं.

येथें 1872 सालच्या करारविषयक कायद्याची आठवण होते. कपट कशास म्हणावें हें समजावतांना त्या कायद्यानें अधू घोड्याचेंच उदाहरण घेतलें आहे. लिलांवांत घोडा विकणारा त्याच्या व्यंगाविषयीं केवळ गप्प राहिला, तर तें कपट नव्हे, असें कायदा म्हणतो. परंतु घेणारी जर विकणाराची नुकतीच वयांत आलेली कन्या असेल, तर तें व्यंग सांगणें हें त्याचें कर्तव्य ठरतें. घेणारानें, “तुम्ही नाहीं म्हटलें नाहीं, तर घोडा निर्दोष समजेन,” असें म्हटलें असतांही मौन हें बोलण्यासारखेंच होतें. माझें म्हणणें एवढेंच, कीं आपल्या तट्टाच्या बाबतींत येणाऱ्या प्रत्येकास कन्येसारखें मानावें. कारण येथें मौनानें फसतो तो केवळ घेणारा नव्हे. तें मुकें जनावर अधिक फसतें.

म्हणून देण्यापूर्वीं एक कागद करावा. त्यांत रोगाचें नांव, तो केव्हां उद्भवला, क्ष-किरणांत काय दिसलें, काय चारावें, काय मुळींच चारूं नये आणि खूर किती आठवड्यांनीं तासावेत, हें स्पष्ट लिहावें. ज्याच्याकडे एखादें घोडें आधींच आहे आणि त्याला सोबत हवी आहे, असें शेतावरचें घर उत्तम. कारण घोडा कळपांतला प्राणी आहे, आणि सोबत करण्यास लंगडा पाय आड येत नाहीं. किंमत घेऊं नये. उलट औषधाचा कांहीं भार आपण उचलावा, आणि सांभाळणें न जमल्यास तट्टू इतरत्र न देतां आपल्याकडेच परत आणावें, अशी अट घालावी. आजारानें अयोग्य झालेल्या जनावराकडून काम करून घेणें हा 1960 सालच्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याप्रमाणें गुन्हा आहे, हेंही घेणारास सांगून ठेवावें.

मुंबईंतील व्हिक्टोरिया गाड्या 2015 सालीं उच्च न्यायालयानें बेकायदा ठरविल्या, तेव्हां त्या घोड्यांच्या व माणसांच्या पुनर्वसनाची योजना करण्यासही सरकारला बजाविलें. काम संपलें म्हणून काम करणाऱ्या जनावराची जबाबदारी संपत नाहीं, हें तत्त्व त्यांत आहे. तेंच एका घरच्या एका तट्टाला लागूं आहे. आणि वेदना आटोक्यांत येतच नसेल, योग्य घरही मिळत नसेल, तर पशुवैद्याच्या सल्ल्यानें त्याला शांतपणें मरण देणें, हें हातोहात फिरविण्यापेक्षां अधिक दयेचें होय. हें कठोर वाटेल, पण खरें आहे.

शेवटीं मुलाविषयीं. तट्टू “गांवाला गेलें,” असें त्याला सांगूं नये. कोठें दिलें, कां दिलें, तेथें त्याला काय चारतात, हें सारें सांगावें. तो कागद मुलाच्याच हातानें लिहवून घ्यावा, आणि वर्षांतून एक-दोनदां त्याला भेटीस न्यावें. गूळ न नेतां, केवळ खरारा घेऊन गेलेला मुलगा आपल्या तट्टावर अधिक प्रेम करावयास शिकला, असें खुशाल समजावें.