चरक स्वच्छ, तर गिऱ्हाईक कायम

होळी झाली की आपल्याकडे उसाच्या रसाची दुकाने सुरू होतात. देवासला टेकडीवरून देवीचे दर्शन घेऊन उतरलेले भाविक असोत वा धारवरून मांडूला निघालेले प्रवासी, उन्हाच्या तलखीत रसाचा पेला हवासा वाटतोच. महाराष्ट्रात या दुकानाला रसवंती म्हणतात. पुणे जिल्ह्यातील पुरंदर तालुक्यातून निघालेल्या अनेकांनी गावोगावी रसवंत्या थाटल्या, म्हणून ‘कानिफनाथ’ आणि ‘नवनाथ’ ही नावे पाट्यांवर इतकी दिसतात. आपल्या माळव्यात लोक चरकाला चरखी म्हणतात, एवढाच फरक.

हा धंदा करणाऱ्यांसाठी आणि रस पिणाऱ्या आपल्या सर्व कुटुंबांसाठी आम्ही एक साधी गोष्ट मांडत आहोत. रस बिघडतो तो बहुधा आजच्या उसामुळे नव्हे, तर चरकात राहिलेल्या कालच्या रसामुळे.

इंग्लंडमधील पबवाल्यांना हे चांगले ठाऊक आहे. तिथे तळघरातील पिंपातून बिअर लांब नळीने वर तोटीपर्यंत येते. नळी धुतली नाही तर आत यीस्ट आणि जिवाणूंचा बुळबुळीत थर धरतो, बिअर आंबट व गढूळ होते आणि गिऱ्हाईक दुसरा पब गाठते. म्हणून नळीत क्षारयुक्त द्रावण काही वेळ भरून ठेवायचे आणि मग भरपूर पाण्याने ती खळखळून धुवायची, हे काम साधारण दर सात दिवसांनी करण्याची तिथे रीत आहे. पेय बदलले तरी नियम तोच.

उसाचा रस तर बिअरपेक्षाही नाजूक. बिअरमध्ये मद्यार्क आणि हॉप असल्याने जंतूंना थोडा तरी अटकाव होतो. रसात तो नाही, उलट दहा-पंधरा टक्के साखर असते. ल्युकोनोस्टॉक नावाचे जिवाणू त्या साखरेपासून चिकट थर तयार करतात. साखर कारखान्यांनाही हेच जिवाणू छळतात. हा थर रुळांच्या खाचांत, पन्हाळीच्या कोपऱ्यांत आणि गाळणीच्या जाळीत बसतो. नुसते पाणी ओतल्याने तो निघत नाही. वरून लिंबू-आले घातले की आंबूस वास झाकला जातो, पण जंतू जात नाहीत. त्यात पाणी किंवा बर्फ दूषित असेल, तर कावीळ आणि विषमज्वराचीही भीती असते.

सफाईचा क्रम असा ठेवावा:

१. आधी वीज बंद करावी आणि प्लग काढावा. रूळ फिरत असताना हात किंवा फडके जवळ नेऊ नये.

२. चोथा काढून पन्हाळी, गाळणी व भांडी सुटी करावीत.

३. गरम पाणी, भांड्यांचा साबण आणि ताठ ब्रश घेऊन खाचा घासाव्यात व स्वच्छ पाण्याने धुवाव्यात.

४. त्यानंतर जंतुनाशक. ४ टक्क्यांचे सोडियम हायपोक्लोराइट १ लिटर पाण्यात ५ मिलिलिटर मिसळून काही मिनिटे लावावे आणि पिण्याच्या पाण्याने धुऊन टाकावे. त्यात लिंबू किंवा आम्ल कधीही मिसळू नये, विषारी वायू निघतो.

५. सर्व भाग पूर्ण वाळवून झाकून ठेवावेत.

हे काम रोज रात्री दुकान बंद करताना करावे. सकाळवर टाकले तर रात्रभरात थर वाळून घट्ट होतो. दिवसाही दोन-तीनदा रूळ पाण्याने धुवावेत. ऊसही धुऊनच चरकात घालावा.

आता थोडा हिशेब. बँकेत छोट्या दुकानाच्या कर्जाचा अर्ज आला की आम्ही विचारत असू, तेच गिऱ्हाईक पुन्हा येते का? समजा पेला २० रुपयांचा आहे आणि चौघांचे एक कुटुंब आठवड्यातून दोनदा येते. बारा आठवड्यांच्या हंगामात त्या एका घराकडून १,९२० रुपये येतात. एका आंबूस पेल्याने ते घर तुटले, तर शेजारची दोन घरेही जातात. त्या मानाने रोजचा अर्धा तास, साबण आणि औषधाची एक बाटली यांचा खर्च किरकोळ आहे.

गिऱ्हाईक म्हणून आपणही रुळांच्या खाचा, गाळणी आणि माशा यांकडे एक नजर टाकावी. बर्फ कुठला, तेही विचारावे. निळा बर्फ खाण्यासाठी नसतो. काही खटकले तर चारचौघांत न बोलता दुकानदाराला बाजूला घेऊन सांगावे. समजुतीने सांगितले की बहुतेक जण ऐकतात, आणि मुलांना रस पाजताना आपल्यालाही काळजी राहत नाही.