मैदानावरील अलंकार

अलंकार हा आपल्याकडे केवळ शोभेचा विषय नाही. आईने दंडावर बांधलेला ताईत, आजीने दिलेली अंगठी, सुवासिनीचे मंगळसूत्र या वस्तूंत घरच्यांची माया आणि श्रद्धा गुंफलेली असते. म्हणूनच फुटबॉलच्या सामन्यापूर्वी पंच त्या उतरवावयास सांगतात, तेव्हा कित्येकांना तो श्रद्धेचा अवमान वाटतो. रायपूरच्या शंकर नगरातील हौशी मुले असोत, की कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर उतरणारा एखाद्या तालमीचा संघ असो, नियम मात्र सर्वांस एकच आहे.

फुटबॉलच्या नियमावलीतील चौथ्या नियमानुसार अंगठी, साखळी, कडे, कर्णभूषणे, इतकेच नव्हे तर चामड्याची वा रबराची पट्टीही अंगावर ठेवता येत नाही. चिकटपट्टीने झाकलेला दागिनाही चालत नाही. जो खेळाडू दागिना उतरवण्यास नकार देतो किंवा पुन्हा घालतो, त्याला पिवळे कार्ड दाखवले जाते. स्वतः पंचांनाही वेळ मोजण्याच्या घड्याळाखेरीज काही घालता येत नाही.

ही कठोरता अकारण नाही. 2004 साली स्वित्झर्लंडमधील सर्व्हेट संघाचा पाउलो डिओगो गोलाच्या आनंदात कुंपणावर चढला. खाली उडी घेताना त्याची लग्नाची अंगठी कुंपणात अडकली आणि बोट तुटले. इकडे साखळीने मान आवळली जाऊ शकते, बाळी ओढली गेल्यास कानाची पाळी फाटते आणि कड्याचा घाव समोरच्या खेळाडूच्या डोळ्यावर बसू शकतो. 2022 च्या विश्वचषकात पोलंडविरुद्ध खेळताना फ्रान्सच्या ज्यूल कुंदेलाही गळ्यातील साखळी ऐन सामन्यात काढावी लागली होती.

हा नियम श्रद्धेच्या विरुद्ध नाही, हेही ध्यानी घ्यावे. पगडी व शिरोवस्त्र यांना 2014 साली याच नियमावलीने मान्यता दिली, कारण नीट बांधलेल्या वस्त्रापासून कोणास इजा होत नाही. कसोटी धर्माची नसून धोक्याची आहे.

मग वाद टाळावा कसा? त्याची तयारी घरापासूनच व्हावी. मौल्यवान वस्तू शक्यतो घरीच ठेवाव्यात. मैदानावर आणल्याच, तर त्या संघातील एका विश्वासू वडीलधाऱ्याकडे पिशवीत सोपवाव्यात. घट्ट बसलेली अंगठी साबणाच्या पाण्याने आदल्या दिवशीच काढावी. कान टोचल्यावर जखम भरेपर्यंत सुमारे सहा आठवडे कर्णभूषण काढता येत नाही, म्हणून मुलींचे कान स्पर्धांचा हंगाम संपल्यावरच टोचावेत. कर्णधाराने आपल्या खेळाडूंची तपासणी पंचांच्या आधी स्वतः करावी. पंचांनीही चारचौघांत दरडावण्याऐवजी शिटी वाजण्यापूर्वी, हलक्या आवाजात व आदराने सूचना द्यावी. नियम शिथिल करण्याचा अधिकार त्यांना नाही, परंतु तो कोणत्या शब्दांत सांगावा हे त्यांच्या हाती आहे.

सामना संपल्यावर मूल धडधाकट घरी परतले, म्हणजे आईने तो ताईत आपल्या हातांनी पुन्हा बांधावा. तासा-दीड तासाच्या विरहाने तिची माया उणी होत नाही.